बाबांची होडी, माझे १५ घोडे

रिटायर झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात. आमच्या बाबांनी देवबागला १२ फुटी ॲल्युमिनियमची सेकंडहँड होडी घेतली. मशीन मी देणार, असं मीच फुशारकीत बोलून बसले. आणि घ्यायचं तर १५ हॉर्सपॉवरचंच! फंडा एकदम क्लिअर.

शेजारच्या काकांचं आयुष्य कर्लीच्या खाडीत गेलेलं. त्यांनी आधी टेप मागितली. होडीची मागची फळी १५ इंच, म्हणजे शॉर्ट शाफ्ट. लांब घेतला तर पंखा उगाच खोल जाणार, उथळ पाण्यात वाळूत आपटणार. मग आतली पाटी दाखवली: जास्तीत जास्त १० हॉर्सपॉवर. (पाटी असते हेच मला माहीत नव्हतं!) फोर स्ट्रोकला पेट्रोल कमी, ऑइल मिसळायची कटकट नाही, पण वजन जास्त.

"ह्यां रोज उचलून घराक कोण नेतलो? तू तर पुण्याक!"

मी गप्प. बाबांची कंबर मला आठवलीच नव्हती.

शेवटी ६ हॉर्सपॉवरचं घेतलं, पंचवीसेक किलोचं. दुसरं टोक काका धरतात. रोज संध्याकाळी बाबांचा फोन येतो, "मशीन गोड्या पाण्याने धुतलं गं." मी फक्त विचारते, इंजिन बंद करणारी ती लाल दोरी मनगटाला बांधली होती ना?