सहा बायकांचं घर

मराठी मालिकांना नावं ठेवणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे. न बघणारे ठेवतात आणि रोज बघणारे जरा जास्तच ठेवतात. स्वयंपाकघरातल्या जरीच्या साड्या, एकाच चेहऱ्यावर तीनदा जाणारा कॅमेरा, दाराआडून ऐकणारी जाऊ, या सगळ्यावर बोलून झालंय. मला बोलायचंय ते एका मालिकेबद्दल. ती सगळ्यात वाईट होती म्हणून नव्हे, तर चांगली होता होता राहिली म्हणून.

'होणार सून मी ह्या घरची' झी मराठीवर जुलै २०१३ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये संपली. बँकेत नोकरी करणारी, सावत्र आईच्या धाकात वाढलेली जान्हवी. गोखले गृह उद्योगाचा वारस श्री. आणि श्रीच्या घरात सहा बायका: आजी, आई, आत्या आणि नात्यातल्या आणखी तिघी. या सहाजणींनी मिळून एक मुलगा वाढवलेला. आता त्या घरात सून येणार आणि तिला एक नाही, सहा सासवा असणार. कल्पना गमतीची वाटते, पण जरा थांबून बघितलं तर ती चांगलीच खोल आहे.

काम करणारी माणसं कोण होती ते बघा. आईआजी होत्या रोहिणी हट्टंगडी. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, ॲटनबरोंच्या १९८२ च्या 'गांधी'मध्ये कस्तुरबा झालेल्या आणि त्यासाठी ब्रिटिश अकादमीचा बाफ्टा पुरस्कार मिळवलेल्या. १९८४ च्या 'सारांश'मध्ये मुलगा गमावलेल्या म्हाताऱ्या आईची भूमिका त्यांनी केली, तेव्हा त्यांची तिशी नुकतीच ओलांडली होती. श्रीची आई सुहिता थत्ते. बेबी आत्या पूर्णिमा तळवलकर. शरयू झालेल्या लीना भागवत. जान्हवीच्या माहेरी आशा शेलार आणि मनोज कोल्हटकर. नायक-नायिका शशांक केतकर आणि तेजश्री प्रधान, दोघंही ताजे आणि सहज. एवढी माणसं एका नाटकात जमली तर आपण तिकिटासाठी रांग लावू.

आमच्याकडे ही मालिका सगळ्या बायका मिळून बघायच्या. 'तुम्ही लोक मराठी मालिका बघता?' असं मला अजूनही कुणी कुणी विचारतं. कोकणातल्या मुसलमान घरांत दुसरं काय बघणार, हे त्यांना कसं सांगायचं? आमचं गाव श्रीवर्धनच्या बाजूचं. घरात बोली कोकणी, शाळा मराठी, कुराण अरबी आणि संध्याकाळी टीव्ही. गोखल्यांच्या घरात देवघर होतं, आमच्याकडे नव्हतं. त्यांच्या ताटातली माणसं वरणभात खायची, आमच्याकडे माशाशिवाय घास उतरत नसे. पण पहिल्याच आठवड्यात धाकटी चाची म्हणाली, 'हे तर आपलंच घर.'

ती गंमत करत नव्हती. आमच्या घरातही बायकाच होत्या. दादा जहाजावर असायचे. नंतर अब्बा आणि दोन्ही चाचा कुवेतला गेले. आमच्या पट्ट्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. लग्न झालं की नवरा महिना-दीड महिना राहतो आणि व्हिसावर निघून जातो. मागे राहतात सासू, सुना, एखादी नवऱ्याने टाकलेली किंवा विधवा झालेली फुफी, आणि पोरं. आमच्या घरात दादी, अम्मी, दोन चाच्या आणि फुफी अशा पाचजणी. मला कुणी वाढवलं असं विचारलं तर एकीचं नाव घेऊन चालणार नाही.

बाहेरच्या माणसाला असं घर शांत वाटतं. आतलं नाटक आतल्यांनाच ठाऊक. कुवेतहून ड्राफ्ट यायचा तो दादीच्या नावाने. सुनेला चप्पल घ्यायची असली तरी तिच्याकडे हात पसरावा लागे, मग ते पैसे तिच्याच नवऱ्याने पाठवलेले का असेनात. अब्बा कॅसेटवर आवाज भरून पाठवायचे. ती कॅसेट आधी सगळ्यांसमोर लागायची, त्यामुळे अम्मीसाठी म्हणून त्यात काही नसायचंच. वाडीची हद्द सरकली म्हणून शेजाऱ्याशी भांडायला फुफी जायची, पण कागदावर सही करायची वेळ आली की कुवेतहून पुरुष येईपर्यंत थांबायचं. यात कुणी खलनायिका नव्हती. दादीही दुष्ट नव्हती. तिची सासू तिच्याशी तशीच वागली होती, आणि घर चालवायची दुसरी पद्धत तिला माहीत नव्हती.

आता गोखल्यांच्या घराकडे बघा. सहा बायका एका छपराखाली राहतात. त्यांच्या नावाचा उद्योग आहे. मग तो उद्योग नेमका कुणाचा? सह्या कोण करतं? सहाजणींचं सहाजणींशी पटतं कसं, आणि पटत नाही तेव्हा काय होतं? ज्या मुलावर सहाजणींनी आपलं सगळं आयुष्य लावलं, तो एका सकाळी बायको घेऊन येतो तेव्हा त्या सहाजणींच्या हातात काय उरतं? सुरुवातीचे काही महिने मालिका या प्रश्नांच्या आसपास फिरत होती. दादी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. आईआजींना बघून ती एकदा म्हणाली, 'घर ही बाय चालवते, मग हिच्या कमरेला किल्ल्या कशा नाय?' समीक्षकाला सुचणार नाही असा प्रश्न आहे तो. कारण आईआजी नुसत्या प्रेमळ होत्या. सत्ता नावाची गोष्ट त्या घरात कुणाकडेच नव्हती.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अपघात झाला, जान्हवीची स्मृती गेली. गैरसमज, कारस्थानं, ताटातूट, पुन्हा भेट. शेवटी जान्हवीला दिवस गेले आणि ते बाळंतपण संपेचना. हत्तीणीचीही सुटका झाली असती, असे विनोद घरोघरच्या फोनवर फिरू लागले. 'काहीही हं श्री' हे जान्हवीचं वाक्य आधी लाडाने म्हटलं जायचं, नंतर मालिकेलाच उद्देशून म्हटलं जाऊ लागलं. आमच्याकडे मधल्या चाचीने हिशेब ठेवला होता. तिची स्वतःची दोन बाळंतपणं नवरा नसताना झालेली. ती म्हणाली, 'एवढे महिने दाखवले, पण बाईला भीती वाटते ते एक दिवस तरी दाखवलं का?'

या सगळ्यात त्या सहाजणी काय करत होत्या? दिवाणखान्यात रांगेत उभ्या होत्या. बातमी आली की कॅमेरा एकेकीच्या चेहऱ्यावर जाणार: आनंदाची असेल तर सहा हसरे चेहरे, दुःखाची असेल तर सहा चिंतातुर. पडदाभर पसरून 'गांधी'मध्ये जिने कस्तुरबांचं सगळं वय दाखवलं, त्या नटीला आठवडेच्या आठवडे 'अगं बाई' आणि 'काळजी करू नकोस' एवढंच बोलायचं होतं. तिने तेही चोख केलं. लीना भागवतांनी तर दोन वाक्यांतही माणूस उभा केला. पण चांगला नट पडेल ते काम चोख करतो, म्हणून त्याचं वाया जाणं लवकर लक्षात येत नाही.

दोष एका लेखकाचा किंवा दिग्दर्शकाचा नाही, हेही सांगायला हवं. रोजच्या मालिकेचं गणितच वेगळं आहे. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. मालिका चालत असेल तर तिच्या मधल्या जाहिराती महाग विकल्या जातात, आणि नवी मालिका चालेल याची हमी कुणी देत नाही. म्हणून चालणारी गोष्ट संपवणं हा वाहिनीसाठी तोटा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. चित्रीकरण दिवसाला बारा-बारा तास, आणि प्रसंग कधी कधी सेटवर हातात पडतो. नटाला हे माहीतच नाही की आपलं पात्र शेवटी कुठे पोचणार आहे. मग त्याने तयारी तरी कशाची करायची? शेवट ठाऊक असेल तर पहिल्या दिवशी कसं बसायचं, कसं बघायचं, काय लपवायचं हे ठरवता येतं. शेवटच नसेल तर रोजचा दिवस ढकलायचा.

हे मी हवेत बोलत नाही. त्याच सुमारास लीना भागवत आणि शशांक केतकर 'गोष्ट तशी गमतीची' हे नाटक करत होते. सोबत मंगेश कदम. आई, वडील आणि मुलगा, एवढंच कुटुंब. विषयही घरोघरचा: बाप आणि मुलगा यांचं जमत नाही, आई मधे. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात मी ते बघितलं. मालिकेतले तेच दोघं, पण दोन-अडीच तासांत आई हसत हसत कुठे थकली आहे ते कळलं. नाटक संपणार हे त्या दोघांनाही ठाऊक होतं, आपल्यालाही.

दुसरं उदाहरण जरा लांबचं. जून २०१४ मध्ये 'जिंदगी' वाहिनी सुरू झाली आणि पाकिस्तानी मालिका आपल्याकडे उघडपणे दिसू लागल्या. कुवेतहून येणाऱ्यांच्या बॅगेतून त्या मालिकांच्या सीडी आमच्या भागात आधीच येत होत्या. त्यातली 'जिंदगी गुलजार है' गाजली. लोक फवाद खानवर लट्टू झाले, पण आमच्या घरातल्या बायकांचं लक्ष समीना पीरजादा यांनी केलेल्या राफियावर. मुलगा हवा म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि ही बाई शिकवून, पगारावर तीन मुली वाढवते. पुन्हा बायकांचंच घर! पण इथे महिनाअखेरीला पैसे कमी पडताना दिसत होते. मुलीचा बापावरचा राग दिसत होता, आणि आईचा तो राग गिळणंही. सगळी मालिका सव्वीस भागांची. उमेरा अहमद यांनी ती गोष्ट शेवटासकट लिहिलेली. तिच्यातही बाईने किती जुळवून घ्यावं याचा उपदेश आहे आणि तो मला पटत नाही. पण पटत नाही म्हणायलाही समोर काहीतरी ठाम असावं लागतं. गोखल्यांच्या घराशी वाद घालायला गेलं तर हाताला काही लागत नाही.

'लोकांना हेच आवडतं' असं यावर नेहमी म्हटलं जातं. दादीने, अम्मीने, चाच्यांनी ती मालिका शेवटपर्यंत बघितली, हे खरं आहे. पण का बघितली? पहिल्या महिन्यात त्यांना आपलं घर पडद्यावर दिसलं होतं. ते पुन्हा दिसेल म्हणून त्या अडीच वर्षं बसल्या. आकडे मोजणाऱ्या यंत्रात आवड आणि वाट बघणं या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

रोहिणीताईंनी त्याआधी 'चार दिवस सासूचे'मध्ये सासू केली होती. २००१ ते २०१३, तीन हजारांहून जास्त भाग. त्यानंतर लगेच आईआजी. म्हणजे दीड दशक ही नटी संध्याकाळी आपल्या घरात होती आणि आपण तिच्याकडून घरातली कर्ती बाई पुन्हा पुन्हा करून घेतली. त्या कर्तेपणाची किंमत काय, कुणी मोजली, हे मात्र तिला एकदाही नीट विचारलं नाही.

मला अजून वाटतं, कुणीतरी ती गोष्ट पुन्हा लिहावी. गोखल्यांची लिहा, नाहीतर आमच्या बाजूची लिहा. सव्वीस भाग पुरे. पुरुष परदेशात किंवा नाहीतच. घरात पाच-सहा बायका. म्हातारीच्या कमरेला किल्ल्या. एका दुपारी सून चपलेसाठी पैसे मागते आणि म्हातारी उठायला जरा वेळ लावते. तेवढ्या एका वेळ लावण्यात रोहिणी हट्टंगडी काय काय करतील, ते मला बघायचंय.