कोण सांगतंय आणि कशावरून?



१० डिसेंबर २०२४ ला आपल्या परभणीत रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, मग धरपकड. १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना गेला.

त्यानंतर ग्रुपवर एकाच मृत्यूच्या दोन बातम्या फिरत होत्या. एक म्हणे आजारानं गेला, दुसरी म्हणे मारहाणीनं. ज्याला जी पटली ती त्यानं पुढं ढकलली. "हे कोण सांगतंय आणि कशावरून?" असं विचारणारा विरळाच.

मी वहीत तारखा टाकून लिहीत गेलो. शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल: अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. २० डिसेंबर, नागपूर अधिवेशन, मुख्यमंत्री: मारहाण झालेली नाही, श्वसनाचा आजार होता. ४ जुलै २०२५, औरंगाबाद खंडपीठ: पोलिसांवर गुन्हा नोंदवा. ३० जुलै, सर्वोच्च न्यायालय: राज्य सरकारची याचिका फेटाळली.

आता या चार ओळींचं वजन सारखं आहे का? डॉक्टरनं देह बघून लिहिलं. सभागृहात बोलणाऱ्याकडं गृहखातंही होतं, म्हणजे पोलीस त्यांचेच. न्यायालयानं दोन्ही बाजू ऐकल्या. आणि हेही ध्यानात घ्या, गुन्हा नोंदवा म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे. 'पोलीस दोषी ठरले' असं त्या दिवशी फॉरवर्ड करणारेही घाईच करत होते.

ही नसती उठाठेव नाही बरं का. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. तिथं अफवेनं माणसं मारली. इथं माणूस गेल्यावर तो कसा गेला हेच गोंगाटात बुडायला लागलं होतं.

ते बुडालं नाही, कारण सोमनाथची आई याचिका घेऊन खंडपीठात गेली आणि तो शवविच्छेदनाचा अहवाल तिथं बोलला. एवढी धडपड आपल्याला करायची नाही. पुढचा मेसेज ढकलण्याआधी तारीख आणि मूळ कागद तेवढा मागा. ग्रुपवर कुणी चिडलं तर चिडू द्या.