कंडेन्सर

हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणातला हॉट टब आयताच मिळाला होता. आम्ही पडलो मध्यमवर्गीय मराठी माणसं, त्यामुळे पहिली दोन वर्षं त्याच्या झाकणावर फक्त तुळशीची कुंडी ठेवली. मग 2024 च्या सप्टेंबरात आई-अण्णा सहा महिन्यांसाठी मिशिगनला आले आणि आईच्या गुडघ्यांमुळे त्या टबाचं नशीब उघडलं. रोज संध्याकाळी वीस मिनिटं गरम पाण्यात बसली की तिला जिना चढताना कठडा धरावा लागत नसे.

अण्णा मात्र त्यात कधी उतरले नाहीत. "माणसं उकडायचं भांडं" असा त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. अण्णांचं वय चौऱ्याहत्तर. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी उभा जन्म ऊस आणि विहिरीवरची मोटर यांच्यात गेलेला. इथे त्यांना काही कामच नव्हतं. सकाळी खिडकीत, दुपारी खिडकीत. एकदा म्हणाले, "मला इथं शोभेला आणून ठेवलंयस बघ." मी ते हसण्यावारी नेलं.

ख्रिसमसच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी टबाचा पंप बंद पडला. बटण दाबलं की नुसता 'घूंऽऽ' असा आवाज, आणि चार-पाच सेकंदांत तोही गप्प. आमच्या टबाला एकच पंप आहे. पाणी फिरवायचं काम तोच करतो, आणि पाणी फिरत नसेल तर हीटर चालू होत नाही. त्या शनिवार-रविवारी रात्रीचं तापमान उणे बारापर्यंत जाणार होतं. टबातलं पाणी लगेच गोठत नाही, पण पायपांतलं गोठतं, आणि गोठलं की पाइप फुटतात. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला ख्रिसमसनंतर बघू, तोवर टब रिकामा करा.

"किती पाणी आहे?" अण्णांनी विचारलं.

"साडेतीनशे गॅलन. म्हणजे तेराशे लिटर."

"तेराशे लिटर ओतून देणार?" त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकताना पाहिलं होतं.

मी कॉम्प्युटरवाला. माझ्या मते कंट्रोल बोर्ड गेला होता आणि त्याचे पाचशे-सहाशे डॉलर लागणार होते. अण्णा स्वेटर, त्यावर माझं जाकीट आणि डोक्याला मफलर अशा थाटात बाहेर आले. म्हणाले, "एकदा चालू कर." घूंऽऽ. "बंद कर. कंडेन्सर गेलाय."

मी म्हटलं, "अण्णा, ही विहिरीवरची मोटर नाही."

"मोटरला ठाऊक असतं होय ती कुठं बसलीय?"

मग त्यांनी मला, म्हणजे इंजिनियरला, समजावलं. पॅनेलवरचे दिवे लागतात, म्हणजे लाइट आहे. मोटर घुमते, म्हणजे बोर्डाकडून करंट तिच्यापर्यंत पोचतोय. मग बोर्ड कसा गेला असेल? आता दोनच गोष्टी उरल्या. एक तर ती आतून अडकलीय, नाहीतर तिला सुरुवातीचा धक्का मिळत नाहीये. सिंगल फेजच्या मोटरला आपली आपण फिरायला जमत नाही, कोणत्या बाजूला फिरायचं तेच तिला कळत नाही. कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट जरा पुढेमागे करतो, त्या फरकानं ती फिरायला लागते. आमच्याकडे शेतकरी याच कंडेन्सरच्या जोरावर दोन फेजवर तीन फेजची मोटर चालवतात (आणि पुष्कळदा जाळतातही).

अमेरिकेतल्या नियमानं टबाचा मेन स्विच टबावरून दिसेल असा, पण पाण्यापासून किमान पाच फूट लांब असावा लागतो. तो पाडला. 240 व्होल्टचा मामला, म्हणून मीटरनं दोनदा खात्री केली. मोटरच्या मागच्या टोकाला शाफ्टवर एक खाच असते. अण्णा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली वाकले आणि तेव्हा मला दिसलं की त्यांचा हात थरथरतोय. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. दोनदा, तीनदा. थंडी आहे, असं मी म्हणणार होतो. पण थंडी नव्हती, ते आम्हा दोघांनाही कळलं.

"धर, तू कर," ते म्हणाले.

मी आठवीत असताना विहिरीवरच्या स्टार्टरला हात लावला म्हणून याच माणसानं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. "तुझा हात पेनाला लावायचा." त्यानंतर मी मोटरजवळ गेलो नाही.

शाफ्ट अगदी सहज फिरला. म्हणजे अडकलेलं काही नव्हतं. मोटरच्या पाठीवरचं कुबड उघडलं तर आत डबीएवढा कंडेन्सर, वरचं झाकण फुगलेलं. हात लावणार तोच अण्णा ओरडले, "थांब! आधी रिकामा कर." लाइट बंद केली तरी त्यात करंट साठून राहू शकतो आणि तो झटका साधा नसतो. गॅरेजमध्ये जुना साठ वॉटचा बल्ब होता. होल्डरला दोन वायरी जोडून त्या टोकांना लावल्या. मग मीटर लावला. वर छापलेलं 30 मायक्रोफॅरड, मीटरवर 4.

शनिवारी सकाळी एसीचे सुटे भाग विकणारं दुकान गाठलं. अण्णांची सूचना होती, मायक्रोफॅरड तेवढाच पाहिजे, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नको. बिल झालं पंधरा डॉलर. मधली रात्र तोच साठ वॉटचा बल्ब टबाच्या खालच्या कपाटात पेटता ठेवला होता, पायपांना ऊब म्हणून. अण्णा रात्री तीनदा उठून तो चालू आहे ना ते बघून आले, असं आई म्हणाली.

मीही जागाच होतो, वाचत बसलो होतो. जकूझी हे इटलीतून कॅलिफोर्नियात आलेल्या भावांचं आडनाव. आधी ते विमानांचे पंखे बनवत. 1921 मध्ये त्यांच्या विमानाला अपघात झाला, त्यात एक भाऊ गेला, आणि ते शेतीच्या विहिरींचे पंप बनवू लागले. पुढे एका भावाच्या लहान मुलाला संधिवात झाला, म्हणून बापानं घरच्या बाथटबात ठेवता येईल असा पंप बनवला. 1956 मध्ये तो विकायला काढला. सकाळी हे अण्णांना सांगितलं.

"म्हणजे शेतकऱ्याचाच पंप," ते म्हणाले. "पोरासाठी केलेला."

नवा कंडेन्सर बसवताना मी विचारलं, "मला तेव्हा का नाही शिकवलंत हे?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शिकवलं असतं तर तू राहिला असतास."

हे बरं झालं म्हणून सांगितलं की वाईट झालं म्हणून, ते मी विचारलं नाही. "वायर नीट दाब," ते म्हणाले, "आणि बल्ब बाजूला घे."

स्विच टाकला. घूं... आणि पाणी उसळलं. त्या संध्याकाळी आई टबात बसली आणि अण्णा बाहेर खुर्ची टाकून पंपाचा आवाज ऐकत बसले.

मार्चमध्ये परत जाताना त्यांनी तो फुगलेला कंडेन्सर बॅगेत घातला. गावात दाखवायला म्हणे. त्यांच्या हाताचं डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या चालू आहेत. आता विहिरीवरची मोटर बिघडली की ते मला व्हिडिओ कॉल लावतात आणि फोन मोटरजवळ धरतात.

"ऐक आणि सांग," म्हणतात.

त्यांना आधीच माहीत असतं. तरी मी सांगतो.