क्लबाला आधी गाव लागते

१/ अ‍ॅक्रिंग्टन हे इंग्लंडमधील लँकेशायर परगण्याचे गिरण्यांचे लहानसे शहर. १८८८ मध्ये जगातील पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांत या शहराचा क्लब होता. लंडनचा एकही नव्हता. याचे कारण शोधायचे तर मैदान सोडून गिरणीच्या भोंग्याकडे जावे लागते.

२/ १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व किशोरवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालणे अवघड. म्हणून पुरुषांनाही हळूहळू ती अर्धी सुट्टी मिळू लागली. आठवड्यातून एक मोकळी दुपार, आणि ती साऱ्या शहराला एकाच वेळी. फुटबॉल रुजला तो या दुपारी.

३/ परिणाम लवकरच दिसला. अ‍ॅक्रिंग्टनशेजारच्या ब्लॅकबर्नमधील ‘ब्लॅकबर्न ऑलिंपिक’ या संघाने १८८३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सचा २-१ असा पराभव केला. एका बाजूला ईटन या उच्चभ्रू शाळेचे माजी विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला विणकर आणि प्लंबर.

४/ अ‍ॅक्रिंग्टनचा तो पहिला क्लब १८९३ मध्ये लीगबाहेर पडला व पुढे बुडाला. त्याच शहराचा ‘अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली’ हा दुसरा क्लब कर्जापायी १९६२ मध्ये लीगमधून गेला. १९६८ मध्ये त्याच नावाने नवा क्लब उभा राहिला आणि २००६ मध्ये तो लीगमध्ये परतला. चव्वेचाळीस वर्षे ते नाव लीगच्या तक्त्यात नव्हते. पण ते जपणारी माणसे शहर सोडून गेली नव्हती.

५/ महाराष्ट्रात या कथेच्या सर्वांत जवळचे शहर कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, पेठापेठांत तालमी नांदल्या. पुढे त्याच तालमींनी फुटबॉल जवळ केला. म्हणून येथील संघांची नावे आजही पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी आहेत. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची चुरस शाहू स्टेडियमवर पाहावी. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

६/ कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगामही तेव्हाच. दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. स्टेडियमवर पेठ गर्जत असते, तेव्हा त्याच जिल्ह्याच्या फडांत बीडची माणसे ऊस तोडत असतात.

७/ या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची असते. आजारपणामुळे काम बुडाले तरी ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. लँकेशायरच्या कामगाराला कायद्याने जी शनिवारची दुपार मिळाली, ती फडात कोणत्याच वाराला येत नाही.

८/ मुलांचे काय? काही आईवडिलांबरोबर कोपीवर राहतात, काही आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. संघ बांधायला तीच अकरा मुले महिनोन्‌महिने एकत्र लागतात. येथे खेळाच्या ऐन दिवसांत गावच निम्मे रिकामे होते. क्लबाचे नाव जपणार कोण, वर्गणी देणार कोण, सामना पाहायला बांधावर उभे राहणार कोण?

९/ बीडच्या मातीत खेळाडू नाहीत, असे कोणी म्हणू नये. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ नोंदवून रौप्य जिंकले. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. लहानपणी तो शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट करी. एका उदाहरणावरून नियम काढू नये. तरी धावण्याला दुसरे दहा जण लागत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

१०/ १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे निघाली. इंग्लंडमध्ये रेल्वेने संघ आणि प्रेक्षक गावोगावी नेले आणि क्लब वाढवले. बीडच्या रुळांवरून काय येईल, हे त्या गाडीपेक्षा उसाच्या फडावर अधिक अवलंबून आहे. जानेवारीत बालाघाटावरच्या एखाद्या गावात घरांची कुलुपे निघालेली असतील आणि शाळेच्या पटांगणावर अकरा मुले पुरी भरतील, तर तेथील क्लबाच्या इतिहासाचे पहिले पान त्याच दिवशी लिहावे लागेल.