सुरगाण्याचं चॉकलेटी गारेगार

सापुताऱ्याला जाताना बोरगावच्या फाट्यावरून आपण सगळे सुसाट पुढे निघून जातो. यंदा जरा गाडी डावीकडे वळवा. नागली, स्ट्रॉबेरी आणि उन्हाळ्यासाठी एक भन्नाट रेसिपी तिथं तुमची वाट बघतेय!

दुपारचे चार वाजलेत. बाहेर रणरणतं ऊन, आत एसी धापा टाकतोय आणि डोक्यात एकच विचार, खाली जाऊन एक चोकोबार हाणावा. हाणा की! फक्त कधी त्या रॅपरच्या मागची मुंगीएवढी अक्षरं वाचून बघा. बऱ्याच वेळा तिथं ‘आइस्क्रीम’ हा शब्दच नसतो. ‘फ्रोझन डेझर्ट’ असं लिहिलेलं असतं. साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा फॅट असावा, असा आपल्याकडचा नियम आहे. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या फॅटची जागा वनस्पती तेल घेतं. वरच्या चॉकलेटच्या थरातही बहुतेकदा कोको बटरऐवजी असाच दुसरा फॅट असतो. खाऊ नये असं नाही, पण आपण काय खातोय ते माहीत असलेलं बरं.

मग घरी करायचं तर काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर मला एखाद्या कुकिंग क्लासमध्ये नाही, तर चक्क सुरगाण्यात मिळालं.

फाट्यावरून डावीकडे

नाशिकहून सुरगाणा नव्वदेक किलोमीटर. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, मग वणी, आणि त्यानंतर रस्ता हळूहळू डोंगरांत शिरतो. बोरगावहून सरळ गेलात तर हातगड आणि पुढे गुजरातचं सापुतारा. वीकएंडच्या गाड्या सगळ्या तिकडे. सुरगाण्याला वळणारी आमची एसटी मात्र बाजारहाट करून परतणाऱ्या बायका, सिमेंटची एक गोणी आणि दोन कोंबड्या घेऊन निघाली होती.

सुरगाणा हे एकेकाळी छोटंसं संस्थान होतं. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं. आज हा महाराष्ट्राच्या टोकाचा आदिवासी तालुका. पलीकडे डांग. बोलीत मराठीबरोबर गुजरातीचा हलका वास. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेला शेतकऱ्यांचा लाल टोप्यांचा मोर्चा आठवतोय? आपण टीव्हीवर त्यांचे रक्ताळलेले पाय बघितले होते. त्यातली कितीतरी माणसं इथली होती. कसत असलेल्या वनजमिनीचा कागद आपल्या नावावर व्हावा, ही त्यांची मुख्य मागणी. त्या उतारावरच्या जमिनीत पिकतं काय? भात, वरई आणि आपल्या गोष्टीची हिरॉईन, नागली.

माझी कॉलेजची मैत्रीण इथल्या एका पाड्यावर शाळेत शिकवते. गेल्या मार्चअखेरीस मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले, सॅकमध्ये कोको पावडरचा डबा टाकून. तो बघून ती म्हणाली, “अगं, इकडे सगळे हवा खायला येतात, तू केक करायला आलीस की काय?”

हे चॉकलेट नाही, बाई!

स्ट्रॉबेरी म्हटलं की आपल्याला महाबळेश्वरच आठवतं. पण सुरगाणा-कळवण पट्ट्यातही आता हिवाळ्यात स्ट्रॉबेरी पिकते आणि सापुताऱ्याच्या रस्त्यावर टोपल्या, खोके मांडून विकली जाते. मी गेले तेव्हा सीझन संपत आला होता. उरलेली फळं आकारानं लहान, जरा मऊ आणि गडद लाल. पर्यटक अशी फळं हातात घेतात, बघतात आणि परत ठेवतात. खरं तर गोठवून खायला हीच बेस्ट!

आम्ही दोन खोके घेऊन घरी आलो. मैत्रिणीच्या घरमालकीणबाई, त्यांना सगळे मावशी म्हणतात, अंगणात नागलीचं सत्त्व काढत बसल्या होत्या. नातवासाठी. नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटायची, पाणी घालून फडक्यातून गाळायची. खाली जे दुधासारखं उतरतं, ते शिजवलं की दाट होतं. रंग म्हणाल तर अगदी पातळ कोकोसारखा. मी सहज म्हटलं, “मावशी, हे तर चॉकलेटच दिसतंय.” त्या हसून म्हणाल्या, “चॉकलेट नाही, बाई. नागली आहे. चॉकलेटानं दात किडतात, नागलीनं हाडं भरतात.”

मावशींचं न्यूट्रिशन एकदम पक्कं आहे. १०० ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गहू-तांदूळ त्याच्या आसपासही फिरकत नाहीत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि आपल्या मॉलमध्ये नागलीची बिस्किटं, कुकीज, पास्ता असं सगळं आलं. इथं मात्र ती पिढ्यान्पिढ्या भाकरीत आहे. पावसाळ्याआधी वाळका पालापाचोळा आणि शेण जाळून राब भाजायचा, त्यात रोपं करायची आणि पाऊस स्थिरावला की उतारावर एकेक रोप हातानं लावायचं. जिमनंतर आपण जो रागी शेक पितो, त्याच्यामागे एवढी कमरेची मेहनत असते.

आणि गोठवण्याच्या बाबतीत तर नागली अक्षरशः जादू करते. नुसतं दूध किंवा सरबत गोठवलं की पाण्याचे मोठे, टणक स्फटिक होतात आणि दाताखाली करकर बर्फ येतो. नागलीतला स्टार्च शिजताना पाणी धरून ठेवतो, त्यामुळे स्फटिक बारीक राहतात आणि क्रीम न घालताही मऊपणा येतो. कॉर्नफ्लोअर जे काम करतं तेच, वर चव आणि पोषण फ्री!

लाइट गेली

मावशींच्या सत्त्वात आम्ही कोको आणि गूळ घातला, तळाला ठेचलेली स्ट्रॉबेरी ओतली आणि स्टीलचे पेले फ्रीजमध्ये लावले. पाड्यावरची पोरं दर दहा मिनिटांनी दारात. “बाई, झालं का गारेगार?” कुणीतरी घंटी वाजवत सायकलवरून विकतो तेच गारेगार, पण आज घरचं!

दोन तासांत लाइट गेली. संध्याकाळी आली, अर्ध्या तासानं पुन्हा गेली. कुणी वैतागलंसुद्धा नाही. मावशींनी पेले बाहेर काढले, चमचे वाटले आणि अर्धवट गोठलेला तो गारढोण लगदा आम्ही अंगणात बसून चाटून-पुसून खाल्ला. एका पोरानं विचारलं, “उद्या परत?” आम्ही परत केलं. रात्रभर लाइट टिकली आणि सकाळी घट्ट गारेगार हातात आलं.

त्या दोन पेल्यांमधला फरक माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्यासाठी ‘फ्रीझरमध्ये आठ तास ठेवा’ ही रेसिपीतली एक साधी ओळ आहे. इथं तो आठ तासांचा भरवसा म्हणजे पैसा आहे. फळ गोठवता आलं, तर मार्चमधली मऊ स्ट्रॉबेरी मे महिन्यात विकता येईल. नाही आलं, तर ती संध्याकाळपर्यंत मिळेल त्या भावात काढायची. विकणारी बाई पाच वाजल्यानंतर एवढा कमी भाव का सांगते, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि पाणी? नार-पार-गिरणा जोड प्रकल्पामुळे या नद्यांची नावं तुम्ही पेपरात वाचली असतील. पावसाळ्यात इथं धो-धो पाऊस कोसळतो आणि पाणी पश्चिमेला उतरून समुद्राला मिळतं. एप्रिल उजाडला की कित्येक पाड्यांवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन विहिरीची वाट धरतात. डिसेंबर २०२२ मध्ये तर इथल्या काही सीमेवरच्या गावांनी सोयी मिळत नसतील तर आम्हाला गुजरातला जोडा, अशी मागणीच केली होती. पेले विसळलेलं पाणी मावशींनी मोरीत ओतलं नाही. दारातल्या आंब्याच्या रोपाला घातलं.

आता तुमची पाळी!

सत्त्व काढायला वेळ नसेल तर पीठ चालतं. हे घ्या आठ गारेगारचं प्रमाण:

• नागलीचं पीठ: ४ मोठे चमचे
• कोको पावडर (बिनसाखरेची): २ मोठे चमचे
• दूध: अर्धा लिटर
• किसलेला गूळ: ६० ग्रॅम
• स्ट्रॉबेरी: १०-१२
• चिमूटभर मीठ

पीठ मंद आचेवर खमंग भाजून गार करा. त्यात कोको आणि मीठ मिसळून अर्धा कप गार दुधात गुठळ्या न होऊ देता कालवा. उरलेलं दूध उकळून त्यात हे मिश्रण ओता आणि सतत ढवळत पाच-सात मिनिटं शिजवा. गॅस बंद करून जरा निवलं की मगच त्यातला दोन तृतीयांश गूळ घाला, नाहीतर दूध फाटण्याची भीती. उरलेला गूळ आणि स्ट्रॉबेरी एकत्र ठेचून दोन मिनिटं शिजवा. कच्च्या फोडी घालू नका, त्या दगडासारख्या गोठतात. दोन्ही पूर्ण गार झालं की आधी स्ट्रॉबेरी, वर कोको असे साचे भरा, काड्या खोचा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. साचे नसतील तर स्टीलचे छोटे पेले आहेतच.

वर कडक चॉकलेटचा थर हवाय? डार्क चॉकलेट वितळवून त्यात चमचाभर खोबरेल (खाण्याचं!) घाला, कोमट करा आणि गारेगार त्यात बुडवून लगेच काढा. थर क्षणात धरतो.

एक सूचना डाएटवाल्यांसाठी. गूळ म्हणजेही साखरच, त्यामुळे ‘हेल्दी’ म्हणून चार-चार खाऊ नका. या प्रमाणात एका गारेगारमध्ये साधारण साडेसात ग्रॅम गूळ येतो. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणं उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिशेब तुम्हीच करा. आणि कोको घेताना डबा नीट बघा. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’मध्ये मुख्यतः साखरच असते.

जायचं कधी?

स्ट्रॉबेरी हवी असेल तर डिसेंबर ते मार्च. हातगडचा किल्ला त्याच रस्त्यावर आहे, तो सकाळी लवकर चढा. धबधबे बघायचे तर पावसाळ्यात या, पण घाटात गाडी जपून. नागलीचं पीठ तालुक्याच्या बाजारात घ्या, मॉलमधल्यापेक्षा ताजं मिळेल. पाण्याच्या बाटल्या नाशिकहूनच भरून न्या.

आणि संध्याकाळी परतताना रस्त्याकडेला एखादी ताई मऊ पडलेली स्ट्रॉबेरी घेऊन बसलेली दिसली, तर थांबा. ती सांगेल तो भाव द्या आणि अख्खा खोका उचला. तुमच्याकडे फ्रीझर आहे.