शिजियाझुआंगला गाडी दोन मिनिटं थांबते

बीजिंग पश्चिम स्थानकावरून निघालेली शिआनची गाडी तासाभरानं मंदावू लागली. डब्याच्या दारावरच्या पट्टीवर लाल अक्षरं सरकत होती, आधी चिनी, मग इंग्रजी. मी खिडकीतून हेबेई प्रांताची शेतं पाहत होते. सपाट जमीन, गुडघाभर गहू, मधूनच पॉप्लरची सरळ रांग. सहज मान वळवली आणि पट्टीवरचं नाव वाचलं. शिजियाझुआंग.

मी जागेवरून उठलेच. हे गाव मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्याचं नाव शाळेत असल्यापासून ओळखत होते. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची समाधी इथं आहे. आम्हाला हातात दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत बीजिंग होतं, शिआन होतं, ली नदी होती, शांघाय होतं. शिजियाझुआंग त्यात कुठंही नव्हतं, आणि तरी गाडी आम्हाला तिथंच घेऊन आली होती.

दारं उघडली. चार माणसं बॅगा ओढत उतरली, चार चढली. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, तिथं एक मुलगा नूडल्सचा पेला भरत उभा होता. चीनमध्ये गरम पाणी सगळीकडं, फुकट आणि मुबलक मिळतं, आणि एका देशानं आपल्या प्रवाशांसाठी एवढं केलं तरी मी त्याला निम्मे गुण देऊन टाकते. दारं मिटली. फलाट मागं सरकला.

आमचा गट लहान होता, जेमतेम डझनभर माणसांचा. लहान गटात एक सुख असतं: गाइड आपल्या शेजारी येऊन बसू शकते. चाळीस जणांच्या गटाला झेंडा लागतो, कानातली यंत्रं लागतात, आणि ऐकायला येते ती फक्त पाठ केलेली माहिती. आमची गाइड पंचविशीतली मुलगी होती, बाओडिंगची. ठाण्याच्या काकू तिला पहिल्या दिवसापासून ‘बाळ’ म्हणत होत्या आणि तीही त्या हाकेला ओ देऊ लागली होती.

मी तिला म्हटलं, इथं आमच्याकडच्या एका डॉक्टरांची समाधी आहे. कोटणीस. तिला काही बोध होईना. कोल्हापूरचा तरुण भूलतज्ज्ञ मागच्या बाकावर होता. त्यानं फोनवर चिनी अक्षरांत नाव शोधून तिच्यापुढं धरलं. तिचा चेहराच बदलला. ‘के दायफू!’ म्हणाली. के डॉक्टर. चीनमध्ये त्यांना के दीहुआ म्हणतात. शाळेत असताना, एप्रिलमध्ये पितरांची आठवण करायचा छिंगमिंगचा सण येतो तेव्हा, तिच्या वर्गाला टांग परगण्यातल्या स्मारकात नेलं होतं. तिथं दोन परदेशी डॉक्टरांचं एकत्र स्मारक आहे, कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून आणि आपले कोटणीस. ते भारतातले हे तिला माहीत होतं. आम्ही बोलतो तीच त्यांची भाषा, हे मात्र तिला त्या गाडीत कळलं.

काकूंना सिनेमा आठवला. शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ 1946 चा. काकूंच्या आईनं तो मुंबईत पाहिला होता आणि घरी वर्षानुवर्षं त्याच्याबद्दल बोलत. शांताराम स्वतः कोटणीस झाले होते. मला वाटतं, मराठी घरांत कोटणीस उरले ते बरेचसे या सिनेमामुळं, आणि म्हणूनच थोडे धूसर होऊन उरले. खरी हकीकत सिनेमापेक्षा साधी आहे आणि जास्त अवघड आहे.

1938 साली जपाननं चीनचा मोठा भाग गिळला होता. चिनी सेनानी झू द यांनी नेहरूंकडं वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. वर्गणी जमवून पाच डॉक्टरांचं पथक निघालं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. त्यातले चोळकर नागपूरचे, पथकात वयानं सगळ्यांत मोठे. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही, आणि आज विदर्भातसुद्धा त्यांचं नाव किती घरांत निघत असेल याची मला शंका आहे. सप्टेंबरात मुंबईहून बोट सुटली तेव्हा कोटणीसांना अठ्ठावीस पुरी व्हायची होती. जी. एस. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेला, पुढं शिकायच्या तयारीत असलेला मुलगा.

पथक येनानला पोचलं 1939 मध्ये. त्याच काळात कोटणीसांना घरून वडील गेल्याची बातमी आली. तरी कोटणीस परतले नाहीत. पुढं शांक्सी आणि हेबेईच्या सीमेवरच्या डोंगरांत, जपानी फौजांच्या पाठीमागं, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या पथसेनेबरोबर ते फिरत राहिले. तिथलं इस्पितळ म्हणजे शेतकऱ्याचं घर, देवळाचा ओटा, कधी नुसतं झाड. हल्ला झाला की जखमींना उचलून पुढच्या गावाला जायचं. 1940 च्या एका मोठ्या लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याची हकीकत सांगतात. बेथ्यून आदल्याच वर्षी गेले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळली आणि विष रक्तात भिनलं. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या इस्पितळाचे प्रमुख कोटणीस झाले. भाषा शिकले, चिनीत शिकवू लागले, विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचं पुस्तक लिहायला घेतलं.

आणि लग्न केलं. ग्वो छिंगलान परिचर्या शिकवत असे. बेथ्यूनच्या समाधीपाशी झालेल्या कार्यक्रमात दोघांची ओळख झाली होती. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ ठेवलं, त्यात भारतही आहे आणि चीनही. त्याच वर्षी 9 डिसेंबरला कोटणीस अपस्माराच्या झटक्यानं गेले. वय बत्तीस. मूल चार महिन्यांचंही नव्हतं. पुढं ते मूलही डॉक्टरकी शिकत असताना, पंचविशीच्या आसपास, वारलं. ग्वो छिंगलान मात्र 2012 पर्यंत होत्या. त्या सोलापूर-मुंबईच्या माणसांशी नातं धरून राहिल्या, अनेकदा भारतात येऊन गेल्या. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त त्यांच्याविषयी वाटतं. सत्तर वर्षं.

‘पण बासष्ट साली?’ ठाण्याचे काका एकदम म्हणाले. चीनशी युद्ध झालं तेव्हा त्यांचे थोरले बंधू फौजेत होते. कुणी काही बोललं नाही. गाइडला मराठी कळत नव्हतं, पण स्वर कळला असावा. तिनं काकांच्या थर्मासात गरम पाणी भरून आणलं. बासष्टनंतरही आणि त्यानंतरच्या सगळ्या कटकटींनंतरही भारतात येणारे चिनी नेते कोटणीसांच्या घरच्यांना आवर्जून भेटत राहिले. राजकारण्यांच्या अशा भेटींत हिशेब असतोच. बाओडिंगच्या शाळेतल्या मुलीला ते नाव आठवतं, त्यात हिशेब नाही.

सहली काढणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे. बीजिंग ते शिआन हा रेल्वेप्रवास तुम्ही करवताच. शिजियाझुआंग त्याच मार्गावर, बीजिंगपासून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर, साधारण सव्वा तासाचं अंतर. सकाळच्या गाडीनं उतरायचं, शहीद स्मशानभूमीत जायचं, तिथं बेथ्यून आणि कोटणीस दोघंही आहेत, आणि दुपारची गाडी धरायची. रेशमाच्या दुकानात आणि मोत्यांच्या कारखान्यात आम्हाला याहून जास्त वेळ बसवलं होतं.

शिआनबद्दल लिहायचं तर मातीचे सैनिक आलेच. पहिल्या खड्ड्याच्या कठड्यापाशी गर्दी इतकी, की आधी लोकांचे वर धरलेले फोन दिसतात आणि मग फौज. मी बाजूच्या दालनात रेंगाळले, कारण तिथं गुडघा टेकलेला धनुर्धर काचेत एकटा बसला आहे आणि त्याच्या बुटाचा तळवासुद्धा जवळून पाहता येतो. तळव्यावर टाक्यांच्या रांगा आहेत, टाचेकडं आणि चवड्याकडं दाट, मधे विरळ. बावीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी बुटाचा तळवा एवढ्या आस्थेनं पाहिला होता.

त्या कुणाची तरी नावंही सापडली आहेत. मूर्तीच्या आडबाजूला, चटकन दिसणार नाहीत अशा जागी, कारागिरांनी आपली नावं ओल्या मातीत उमटवली किंवा कोरली आहेत. ऐंशीहून अधिक वेगळी नावं अभ्यासकांनी वाचली. यातले बरेचसे राजवाड्याची कौलं आणि जमिनीखालचे नळ भाजणारे भट्टीवाले असावेत. नाव घालायचं ते मानासाठी नव्हतं. काम खोटं निघालं तर धरायचं कुणाला, यासाठी तो दंडक होता. ज्याच्यासाठी ही फौज घडवली त्या सम्राटाची कबर अजून उघडलेली नाही, आणि कौलं भाजणाऱ्यांची नावं जगभरचे लोक वाचताहेत. मार्च 1974 मध्ये अवर्षणात विहीर खणताना ज्या शेतकऱ्यांना पहिली मूर्ती लागली, त्यांतले यांग झिफा पुढं संग्रहालयाच्या दुकानात बसून पुस्तकांवर सही करून देत असत. त्या गावातल्या माणसांची घरं आणि शेतं पुढं संग्रहालयासाठी गेली. हे ऐकल्यावर मला त्या सहीचं मोल फार वाटू लागलं.

संध्याकाळी मोठ्या हंस मनोऱ्यापाशी नेलं. 652 साली हा मनोरा बांधला तो चिनी भिक्षू ह्युएनत्संगानं भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी. 645 मध्ये तो परतला तेव्हा घोड्यांवर 657 ग्रंथ लादलेले होते. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातूनही गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं आहे, आणि पूर्वेकडच्या डोंगरात खोदलेल्या एका विहाराचं वर्णन केलं आहे, ज्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याखाली ते हत्ती आजही उभे आहेत. मनोऱ्याच्या दारात कारंज्याचा खेळ सुरू झाला तसे सगळे तिकडं धावले. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. ह्युएनत्संग सगळं घेऊन परत आला, कोटणीस आलेच नाहीत, एवढंच मनात घोळत होतं.

ली नदीवर काहीच घोळलं नाही. ग्वेलिनहून यांगशुओपर्यंत चुनखडीचे सुळके दोन्ही काठांनी पुढं येतात आणि मागं जातात, आणि शिंगपिंगजवळ सगळे वीस युआनची नोट वर धरून तिच्यावरचं चित्र समोरच्या डोंगरांशी जुळवून पाहतात. काकूंनीही धरली. नदी सुंदर आहे, याहून अधिक तिच्यावर लिहू नये.

शांघायला शेवटची संध्याकाळ. नदीकाठच्या बंडवर सगळ्यांनी तोंडं पलीकडच्या मनोऱ्यांकडं केली होती. मला अलीकडची जुनी दगडी रांग आवडली, आणि त्या रांगेतलं हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल. गाइडनं सांगितलं, हे व्हिक्टर ससून यांनी 1929 मध्ये उभारलं. ससून म्हटल्यावर आमच्यातले पुणेकर एकदम वळले. ‘आपलं ससून?’

हो, पुण्यातलं ससून रुग्णालय ज्यांच्या नावाचं, तेच घराणं. व्हिक्टर हे डेव्हिड ससून यांचे पणतू. डेव्हिड बगदादहून मुंबईत आले, कापूस आणि अफूच्या व्यापारात गडगंज झाले, आणि पुण्यात लाल देऊळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिनेगॉगच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत. माळव्यातली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई. चीननं ती अडवायचा प्रयत्न केला तेव्हा इंग्रजांनी युद्ध पुकारलं. 1842 च्या तहानं शांघायचं बंदर परक्या व्यापाऱ्यांना उघडून द्यावं लागलं, आणि हा बंड त्यातूनच उभा राहिला. सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीतही तोच व्यापार होता. जे. जे. रुग्णालय 1845 चं, ससून 1867 चं. या दोन्ही ठिकाणी आजवर किती गोरगरीब बरे होऊन घरी गेले, आणि त्याच पैशापायी पलीकडं किती घरं बसली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

कोल्हापूरचा डॉक्टर बराच वेळ त्या हिरव्या छपराकडं पाहत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, मी ससूनलाच शिकलोय. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.’ सांगायला हवं. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षी, शरीरशास्त्राच्या आधी, सांगायला हवं.