तरवडा, तुझे कान बघू

प्रिय तरवडास,

स. न. वि. वि.

सोलापुरात पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरात. वर्षाचा मिळून साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा जाता जाता. मग घट बसायच्या सुमारास इकडचा माळ पिवळा होतो आणि जो तो त्या पिवळ्याला तुझं नाव देऊन मोकळा होतो. बार्शी रस्त्याने नान्नजकडे निघालेल्या गाडीत कुणीतरी बोट दाखवतं, "तो बघा तरवड!" बघावं तर कधी टाकळा असतो, कधी रस्त्याकडेचा कासोद, एखाद्या वेळी बंगल्याच्या कुंपणातली टेकोमासुद्धा. तुला त्याचं काही वाटत नसेल. मला वाटतं.

लोकांना तरी किती बोल लावायचा? तुझ्या घराण्याचा घोळ जाणकारांनाही लवकर सुटला नाही. लिनियसने १७५३ मध्ये तुला कॅसियात बसवलं, रॉक्सबर्गने सेन्नात नेलं, तरी पुस्तकं तुला कॅसियाच म्हणत राहिली. शेवटी १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नेबी यांनी त्या अवाढव्य कुटुंबाचे तीन वाटे केले. बहावा कॅसियात राहिला, तू टाकळ्यासोबत सेन्नात आलास. म्हणजे टाकळा तुझा सख्खा भाऊबंद, आणि फुलावरून भाऊबंद ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. पाच पिवळ्या पाकळ्या सगळ्यांनाच आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं, की तुझं फूल आधी झाकावं आणि पान जिथून फुटतं तिथे बघावं. तिथे दोन रुंद, गोलसर उपपर्णं असतात, कानाच्या पाळीसारखी, आणि पान असेपर्यंत ती सहसा गळत नाहीत. टाकळ्याची उपपर्णं सुतासारखी, लवकर झडणारी. मग पान मोजावं. तुला पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये शिरेवर उभी असलेली बारीकशी ग्रंथी. भिंग लागत नाही, नख फिरवलं की कळते. टाकळ्याच्या जोड्या तीनच. कासविंद्याच्या चार-पाच, टोकदार, आणि ग्रंथी एकच, देठाच्या बुडाशी. कासोदाला जोड्या भरपूर, पण ग्रंथी नाहीच. शिवाय तो चांगला उंच वृक्ष, तू कमरेइतका किंवा फार तर डोक्याइतका. शेंगाही सांगतात. टाकळ्याच्या लांब, बारीक, वाकलेल्या. तुझ्या चपट्या, कागदासारख्या, बियांच्या मधे दबलेल्या.

कासविंद्याशी गल्लत करणं मात्र बरं नाही. त्याच्या शेंगा खेळताना खाऊन लहान मुलं दगावली आहेत.

औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत तर तुझी ओळख भेसळवाला अशी आहे, हे तुला ठाऊक आहे का? सोनामुखीच्या पाल्यात तुझा पाला मिसळतात. पोट साफ करणारं जे द्रव्य सोनामुखीत असतं ते तुझ्यात नाही, त्यामुळे घेणारा बिचारा वाट बघत बसतो. तीव्र सल्फ्युरिक आम्लाचा थेंब टाकला की तुझ्या पाल्याचा तुकडा किरमिजी होतो आणि लबाडी उघडी पडते. लबाडी तुझी नव्हे, हे मी पदरचं सांगतो.

आता फूल उघडायला हरकत नाही. त्यात मध नाही. परागकोश उकलत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि छातीचे स्नायू थरथरवतो. त्या कंपाने पराग छिद्रांतून बाहेर उडतो. ऑक्टोबरातल्या सकाळी तुझ्याजवळ उभं राहिलं तर ती घूं घूं मधेच चढलेली ऐकू येते. काही फुलांत स्त्रीकेसर डावीकडे वळलेला, काहींत उजवीकडे, तेही तेव्हाच बघून घ्यावं.

सोलापूर तुला दोन दारांनी घरात घेतं. इकडे घटावर तुझ्या फुलांची माळ चढते. तिकडे पूर्व भागात, पिढ्यानपिढ्या माग चालवणाऱ्या पद्मशाली घरांत, भाद्रपद अमावास्येपासून बतुकम्मा रचतात. तबकात फुलांचे थर चढतात, त्यात तू तंगेडू म्हणून आणि शेतातला कुरडू गुनुगू म्हणून. तेलंगणाने २०१४ मध्ये तुला राज्यफूल केलं. आपल्याकडे नऊ दिवस सरले की तू पुन्हा नुसतं झुडूप. पूर्वी वर्षभर तुझी विचारपूस व्हायची, कारण चामडं कमावायला तुझी साल लागे. पुढे दक्षिण आफ्रिकेतली वॅटलची साल आली, क्रोमची रसायनं आली, आणि ती विचारपूस संपली.

एक गोष्ट तुझ्या तोंडावरच बोलतो. शेळ्या-गुरं तुला तोंड लावत नाहीत. चराई जास्त झाली की मारवेल, पवन्या ही चांगली गवतं मागे हटतात आणि तू टिकतोस. म्हणून तुझी दाटी दिसली की मला नुसता आनंद होत नाही, तिथल्या गवताचं काय झालं हेही मी बघतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोकाला गवत हवं असतं, झुडपांचं रान नव्हे. तेव्हा गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावून माळ 'हिरवा' करणाऱ्यांचा मला जितका राग येतो, तितकाच कुणी तुला गवतात ओळीने लावायला निघालं तरी येईल.

शहरात मात्र तू ये. दुभाजकात आपण पाण्याच्या टँकरवर जगणारी शोभेची रोपं लावतो आणि उरलेली मोकाट गुरं खातात. तुला दोन्हींची चिंता नाही. थंडीत शेंगा वाळल्या की बी गोळा करून ठेवतो. ते कवचाला टणक असतं, म्हणून पेरण्याआधी वाळूच्या कागदावर घासावं लागेल. रोपं वर आली, की पहिल्या पानांपासूनच शेजारच्या मुलांना तुझे कान दाखवता येतील.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक सोलापूरकर